ना घन, ना द्रव

शाळेत आपण पदार्थाच्या तीन अवस्था पाठ करतो : घन, द्रव आणि वायू. ही वाटणी सोयीची आहे, पण पुरी नाही. गणकयंत्रात, भिंतीवरच्या दूरचित्रवाणी संचात जो पदार्थ काम करतो, तो या तिन्हींत नीट बसत नाही. त्याला ‘द्रवस्फटिक’ म्हणतात. स्फटिक म्हणजे शिस्त, द्रव म्हणजे मोकळीक. नावातच भांडण आहे.

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी पुस्तके आणि बंद पडलेल्या पडद्यांचे सुटे भाग एवढ्या भांडवलावर हा विषय शिकत आलो. त्यामागे एक प्रश्न होता. ज्या संशोधनाचा उपयोग संशोधकालाही सांगता येत नाही, त्यावर समाजाने पैसा का खर्च करावा? द्रवस्फटिकांचा इतिहास या प्रश्नाला बऱ्यापैकी सरळ उत्तर देतो.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख राइनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होता. त्यापासून बनवलेले एक संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळले, पण गढूळच राहिले. १७८.५ अंशांना ते अचानक नितळ झाले. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? त्याने नमुने जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेहमान यांच्याकडे पाठवले. त्या गढूळ द्रवातून प्रकाश स्फटिकातून जावा तसा जातो, हे लेहमान यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. नमुना अशुद्ध असावा, असे म्हणणारे नामवंत रसायनशास्त्रज्ञ पुढे बरीच वर्षे होते.

आत काय घडते ते समजायला आषाढीची दिंडी डोळ्यांसमोर आणावी. वारकरी जागा बदलतात, मागे-पुढे होतात, पण तोंड सर्वांचे पंढरपूरकडे. द्रवस्फटिकातले काडीसारखे लांबट रेणू असेच वागतात. ते वाहतात, पण साधारण एकाच दिशेला तोंड करून. तापमान वाढले की ही शिस्त मोडते आणि साधा द्रव उरतो.

जवळपास ऐंशी वर्षे हे केवळ एक कुतूहल राहिले. १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतील जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी द्रवस्फटिकांचा पडदा जगाला दाखवला. डिसेंबर १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी त्याहून सोपी युक्ती काढली. दोन काचांमध्ये काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा थर. काचांच्या आतल्या पृष्ठभागांवर रेणूंना दिशा देणारे लेपन, पण दोन्हींच्या दिशा एकमेकींना काटकोनात. त्यामुळे मधले रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे पाव वळण घेतात. बाहेरून दोन ध्रुवणपट्ट्या, त्याही काटकोनात. एरवी अशा दोन पट्ट्यांतून प्रकाश पार होत नाही; इथे तो रेणूंच्या जिन्याबरोबर वळतो आणि बाहेर पडतो. काचांवरच्या पारदर्शक वाहक थराला थोडा विद्युतदाब दिला की रेणू काचेशी उभे राहतात, जिना मोडतो आणि तेवढा भाग काळा दिसतो. गणकयंत्रावरचा आकडा म्हणजे ही अडवलेली वाट. पडदा स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, म्हणून बारीकशा बॅटरीवर वर्षानुवर्षे चालतो. ध्रुवित काचांचा गॉगल गणकयंत्रासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात सारा पडदा काळा होईल.

अडचण होती ती टिकाऊ पदार्थाची. सुरुवातीची संयुगे दमटपणाने खराब होत, काहींना तर तापवावेच लागे. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७३ मध्ये नेहमीच्या तापमानाला टिकणारी सायनोबायफिनाइल संयुगे जाहीर केली आणि कारखान्यांची वाट मोकळी झाली. ग्रे हा विषय १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून, मागणी नसतानाही करत होते.

आता आपल्याकडे येऊ. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. त्यांची एम.एस्सी. नागपूर विद्यापीठाची, १९५१ सालची. १९७१ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोवर ज्ञात असलेले बहुतेक सारे द्रवस्फटिक काडीसारख्या रेणूंचे होते. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी १९७७ साली तबकडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवून दिले. नाण्यांच्या चळतीसारखे हे रेणू एकावर एक रचले जातात. शोधनिबंध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात आला. तेव्हा त्याचा पडद्याशी काही संबंध नव्हता.

संबंध पुढे आला. संगणकाचा सपाट पडदा बाजूने पाहिला की रंग उलटे दिसत, कारण तिरप्या प्रकाशाला काडीसारखे रेणू वेगळे भासतात. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने तबकडीसारख्या रेणूंचा पातळ पापुद्रा पडद्यावर बसवला. त्यांचा प्रकाशावरचा परिणाम काड्यांच्या उलट. दोष बराचसा फिटला आणि पडदा बाजूनेही नीट दिसू लागला.

कल्पना बंगळुरूची, माल जपानचा. याची खंत मलाही वाटते. पण ‘आधी उपयोग सांगा’ असा हट्ट धरला असता, तर कल्पनाही आपली उरली नसती. राइनित्झरला पडदा ठाऊक नव्हता, ग्रेंना गिऱ्हाईक नव्हते. त्यांना विचारायला जागा, वेळ आणि थोडे पैसे मिळाले. आपल्या विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांवर बोलताना एवढे तरी ध्यानात असावे. आणि कल्पनेपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता आपल्याकडे का तुटतो, हा प्रश्न त्यासोबतच विचारावा, त्याच्याऐवजी नव्हे.