पेठेतली प्लग-इन हायब्रिड : चार्जिंगचं नेटवर्क कसं निवडावं?

पुण्याच्या नारायण पेठेत गाडी घेण्यापेक्षा ती ठेवणं अवघड. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, पण पार्किंग एक तर खांबांमधल्या चिंचोळ्या जागेत, नाहीतर वरखाली होणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये. बऱ्याच जणांची गाडी सम-विषम तारखेच्या पाटीप्रमाणे रस्त्याची बाजू बदलत राहते. अशा ठिकाणी घरचा चार्जर प्रत्येकाला बसवता येत नाही. मग सार्वजनिक चार्जिंग शोधावं लागतं आणि मोबाइलवर अर्धा डझन ॲप समोर येतात. त्यांतलं कोणतं घ्यावं, हे एकेक पायरीने पाहू.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी. ती चार्ज केली नाही तरी पेट्रोलवर चालते, म्हणून चार्जिंगचा कंटाळा करणं सहज जमतं. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली. त्यात प्लग-इन हायब्रिडचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. एक मोठं कारण हेच, की लोक त्या पुरेशा चार्ज करत नाहीत. पत्र्या मारुतीच्या आसपासच्या गल्ल्यांत खोळंबलेल्या गाड्यांचा धूर थेट तळमजल्यावरच्या घरांत शिरतो. तिथून आपली गाडी बॅटरीवर जावी, असं मनापासून वाटत असेल तर चार्जिंगची सवय लागेल अशीच सोय निवडायला हवी.

पहिली पायरी : गाडीला प्लग आहे ना?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण गोंधळ इथेच सर्वाधिक होतो. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस किंवा हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, होंडा सिटी यांचे ‘स्ट्राँग हायब्रिड’ प्रकार मिळतात. त्यांची बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना भरते. त्यांना चार्जरची गरज नाही आणि बाहेरून तो जोडताही येत नाही. प्लग-इन हायब्रिड आपल्याकडे अजून महागड्या गाड्यांतच दिसते. व्हॉल्व्होची एक्ससी-९० टी-८ भारतात २०१६ मध्ये आली, बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ च्या अखेरीस. गाडीवर पेट्रोलच्या टाकीखेरीज चार्जिंगचं वेगळं झाकण असेल, तरच पुढचं सगळं आपल्यासाठी.

दुसरी पायरी : गन आणि वेग समजून घ्या

चार्जिंग दोन प्रकारचं असतं. एसी म्हणजे घरात येते तशी वीज. गाडीतलं यंत्र ती बॅटरीसाठी बदलून घेतं. या यंत्राला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. डीसी चार्जर वीज आधीच बदलून थेट बॅटरीला देतो, म्हणून तो जलद असतो.

बहुतेक प्लग-इन हायब्रिड फक्त एसी घेतात. काही मोठ्या गाड्या अपवाद आहेत, पण आपली त्यांत आहे का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावं. आपल्याकडच्या चारचाकींना एसीसाठी ‘टाइप २’ नावाची सात पिनांची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, लागते. डीसीसाठीच्या ‘सीसीएस-२’ गनला त्याखाली आणखी दोन जाड पिना असतात. गाडीच्या झाकणाखाली या दोन पिनांची जागाच नसेल, तर जलद चार्जरचं जाळं कितीही मोठं असो, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

आता वेग. महापालिकेच्या नळाला कितीही दाब असला, तरी आपल्या तोटीतून मावेल तेवढंच पाणी येतं. तसंच ऑनबोर्ड चार्जर ७.४ किलोवॉटचा असेल, तर २२ किलोवॉटच्या चार्जिंग खांबावरही गाडी ७.४ नेच भरते. भारतात आलेल्या एक्सएमची सुमारे २५.७ युनिटची बॅटरी या वेगाने भरायला साधारण चार तास लागतात. ३.३ किलोवॉटच्या जागेवर तीच बॅटरी आठ तासांहून जास्त वेळ घेते. सुरुवातीच्या एक्ससी-९० टी-८ ची बॅटरी ९.२ युनिटची होती. तिला तिथे तीनेक तास पुरतात.

तिसरी पायरी : गाडी कुठे थांबते, ते लिहून काढा

ॲप उघडण्याआधी कागद घ्यावा आणि आठवडाभरात गाडी कुठे दोन तासांहून जास्त उभी असते, ते लिहावं. ऑफिस, मंडई, डेक्कनचं पार्किंग, मॉल, रविवारी सासुरवाडी. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवाल्याला चार्जिंगसाठी थांबावं लागतं. आपल्याला पेट्रोलचा आधार आहे, म्हणून गाडी एरवी जिथे थांबते तिथेच चार्जिंग मिळालं तर घ्यावं. या यादीत ज्या नेटवर्कचे एसी चार्जर सर्वाधिक, तेच आपलं नेटवर्क.

पेठेच्या आत जागेची चणचण आहे, म्हणून नदीपलीकडेही पाहावं. डेक्कन किंवा जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावून लकडी पुलावरून किंवा झेड ब्रिजवरून चालत घरी येता येतं. मात्र पावसाळ्यात नदीपात्रातल्या पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला सोडून येऊ नये. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो.

गणेशोत्सवाचाही विचार आताच करावा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक हे चारही रस्ते मिरवणुकीसाठी असतात. त्या काळासाठी नदीपलीकडचा एक चार्जर हेरून ठेवावा.

चौथी पायरी : नकाशावर शोधा, मग पायी जाऊन पाहा

टाटा पॉवर ईझेड चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स ही मोठी नावं. महावितरणचं ‘पॉवरअप’ आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ‘ईव्ही यात्रा’ हे डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेलं पोर्टल आणि ॲप निरनिराळ्या कंपन्यांची स्टेशनं एकत्र दाखवतं. ते शोधापुरतं वापरायला चांगलं. प्रत्येक ॲपमध्ये गाळणी लावण्याची सोय असते. तिथे ‘एसी’ आणि ‘टाइप २’ निवडलं की नकाशावरचे निम्मे ठिपके गळून पडले तरी नवल वाटू देऊ नये.

उरलेल्या दोन-तीन जागा पायी जाऊन पाहाव्यात. चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, टाइप २ गन खांबाला जोडलेली आहे की नुसतं सॉकेट आहे. नुसतं सॉकेट असेल तर दोन्ही टोकांना टाइप २ असलेली केबल आपण न्यावी लागते, आणि ती गाडीबरोबर मिळालेली असेलच असं नाही. दुसरी, खांबावर निळी, गोल, तीन पिनांची जागा आहे का. ती जुन्या ‘भारत एसी-००१’ प्रकारची. अशा खांबावरच्या तीन जागांपैकी प्रत्येक ३.३ किलोवॉट देते आणि तिला वेगळी जोडणी लागते. तिसरी, जागा सर्वांसाठी खुली आहे की फक्त शोरूमच्या किंवा सोसायटीच्या लोकांसाठी. चौथी, तळघरात मोबाइलला रेंज येते का.

पाचवी पायरी : दर किलोमीटरमध्ये मोजा

ॲपवरचा दर युनिटचा असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि काही ॲप तो शेवटीच दाखवतात. एक नमुना हिशेब करू. समजा दर १६ रुपये, करासह १८.८८. गाडी एका युनिटवर ४ किलोमीटर चालत असेल, तर किलोमीटरला सुमारे ४ रुपये ७० पैसे. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं आणि पेठेतल्या गर्दीत गाडी लिटरला १० किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला १०.४० रुपये. चार्जिंगचा फायदा उघड आहे.

आता दर २४ रुपये धरा. करासह २८.३२, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७ रुपये. त्यात मॉलच्या पार्किंगचे ८० रुपये आले आणि आपण १० युनिटच भरले, तर खर्च ९ रुपयांवर जातो. फायदा जवळजवळ संपला. मॉलमध्ये एरवीही जाणारच असाल, तर पार्किंगचे पैसे या हिशेबात धरू नयेत. निव्वळ चार्जिंगसाठी जात असाल, तर धरावेत.

वेळेनुसारही दर बदलू शकतो. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या तासांत चार्जिंग स्टेशनांना स्वस्त विजेची शिफारस आहे. म्हणून दुपारचा आणि रात्रीचा दर दोन्ही पाहून घ्यावेत.

सहावी पायरी : दोन ॲप, थोडी शिल्लक

इथे पैसे अडकतात. प्रत्येक ॲपचं पाकीट वेगळं, प्रत्येकाला आधी रक्कम भरा, आणि पाच ठिकाणी उरलेले दोनदोनशे रुपये तसेच पडून. म्हणून दोनच ॲप ठेवावीत : एक रोजच्या थांब्याचं, दुसरं अधूनमधून जातो त्या रस्त्याचं. पहिल्यांदा किमान रक्कमच भरावी आणि परताव्याचा नियम वाचावा. वर्षाची सदस्यता किंवा मासिक पॅक बहुधा भरपूर युनिट खपवणाऱ्यांना परवडतो. आपली बॅटरी लहान असल्याने महिनाभराचे युनिट मोजूनच तो घ्यावा. नेटवर्क टॅप करायचं कार्ड देत असेल, तर तळघरातल्या चार्जरसाठी ते जरूर मागावं.

सातवी पायरी : पहिलं चार्जिंग सावकाश करा

आधी गन गाडीत नीट बसवावी, मग खांबावरचा क्यूआर कोड स्कॅन करावा, मग ॲपमधून सुरुवात करावी. लगेच निघू नये. पाचेक मिनिटं थांबून पडद्यावर किलोवॉटचा आकडा पाहावा. तो शून्यावरच असेल, तर बहुतेक वेळा गाडीत ‘उशिरा चार्जिंग सुरू करा’ अशी वेळ लावलेली असते. ती काढून टाकावी. आकडा अपेक्षेपेक्षा कमी असेल, तर खांब तेवढीच वीज देत असेल.

संपवताना गन निघत नाही, ही नेहमीची तक्रार. ओढाताण करू नये. आधी ॲपमधून चार्जिंग थांबवावं, मग किल्लीने गाडी अनलॉक करावी, कुलूप सुटतं. बिलाची प्रत जपून ठेवावी, कारण पैसे जास्त कापले गेले तर तक्रारीला तीच लागते.

बॅटरी भरली की गाडी काढावी. काही ठिकाणी त्यानंतर उभं राहण्याचा दंड मिनिटागणिक लागतो. दंड नसला तरी मागे उभ्या असलेल्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला घरी पोचायला हीच वीज हवी असते, आणि आपल्याकडे पेट्रोल आहे.

एक कळकळीची सूचना. बाहेर जमत नाही म्हणून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशनची वायर सोडून गाडी चार्ज करू नये. जुन्या इमारतींतलं वायरिंग आणि अर्थिंग तासन्‌तास एवढा भार घेण्यासाठी केलेलं नसतं. आपल्या ठरलेल्या पार्किंगमध्ये मीटर बसू शकत असेल, तर फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. सोसायटीच्या पुढच्या सभेत तो विषय मांडावा.

तोवर महिनाभर एक नोंद ठेवावी : किती युनिट भरले, किती पैसे गेले, किती किलोमीटर बॅटरीवर झाले. ज्या ॲपवर महिन्यात एकदाही गाडी लागली नाही, ते काढून टाकावं आणि तिथली शिल्लक परत मागावी. जिथे गाडी आपोआप लागत गेली, ते नेटवर्क ठेवावं.