बोंबील : ओळख आपल्या ताटातल्या मासोळीची

कामठीच्या आपल्या वस्त्यांत निखाऱ्यावर सुका बोंबील भाजला की चार घरांना कळते. कन्हान नदीची मासोळी आम्ही कामठीकर ओळखतो. पण मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने ८०० किलोमीटरच्या पलीकडे. म्हणून बोंबील पिढ्यान्‌पिढ्या खाऊनही तो पाण्यात कसा दिसतो, कुठे राहतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे. या आणि स्वतः पाहा, असे तो सांगतो. मग रोजच्या खाण्याचीही ओळख असायला हवी.

ओला बोंबील साधारण वीतभर लांब. अंग लुसलुशीत, करडसर पांढरे. तोंड मोठे, खालचा जबडा पुढे आलेला, आत आकड्यांसारखे बारीक दात. डोळे लहान, शेपटीला तीन टोके. रोहूच्या अंगभर खवले असतात. याला फक्त मागच्या अर्ध्या भागावर. अंगात शंभरात नव्वदच्या आसपास भाग पाणी, म्हणूनच सुकल्यावर त्याची काडी होते.

खंभातच्या आखातापासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यालगतचा चिखलाचा तळ हे त्याचे मुख्य घर. बंगालच्या उपसागरातही तो सापडतो. जवळा आणि लहान मासे हे त्याचे खाद्य. वर्सोवा, अर्नाळा येथील कोळी बांधव पिशवीसारखी ‘डोल’ जाळी भरती-ओहोटीच्या ओढीत लावून त्याला धरतात. मग जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवतात. त्यात कोळी भगिनींचे मोठे कष्ट असतात.

एवढ्या श्रमातून आलेल्या अन्नाची लाज का वाटावी? मुंबईच्या हॉटेलांत हाच बोंबील तळून ताटात आला तर मानाचा पदार्थ ठरतो. आपल्या लेकराच्या डब्यात निघाला की मात्र नाके मुरडतात. तेथे वासाला नव्हे, माणसाला नावे ठेवलेली असतात. मुलांना हे समजावून सांगा. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, हेही सांगा.

भगिनींनो, घेताना बोंबील मोडून पाहा. चांगला वाळलेला कटकन मोडतो. ओलसर, बुरशी लागलेला किंवा किड्याने भुसा पाडलेला घेऊ नका. घरी झटकून, धुऊन मगच शिजवा आणि मुलांना जवळ बसवून त्याचे दात दाखवा.

जयभीम!