बरोबरीचे मोल

जर्मनीच्या नैर्ऋत्येला कायझर्सलाउटर्न नावाचे शहर आहे. त्याची लोकसंख्या सुमारे एक लाख. १९५४ साली विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या संघाचे कर्णधार फ्रिट्झ वाल्टर याच शहराचे. टेकडीवर असलेल्या तेथील फुटबॉलच्या मैदानाला त्यांचेच नाव दिले आहे.

जर्मनीतील सर्वांत वरच्या फुटबॉल स्पर्धेला बुंडेसलीगा म्हणतात. तिच्यात अठरा संघ असतात. प्रत्येक संघ इतर सतरा संघांशी दोन वेळा खेळतो. एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. असे एकूण ३४ सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ गुण, पराभवाला काहीच नाही. त्या काळी हंगामाच्या शेवटी तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जात.

१९९५-९६ च्या हंगामात कायझर्सलाउटर्नने फक्त ६ सामने जिंकले, १० गमावले आणि तब्बल १८ सामने बरोबरीत सोडवले. शेवटचा सामना लेव्हरकुझेनशी होता. तो जिंकला असता, तर संघ वाचला असता. आधी आघाडीही मिळाली होती. पण सामना संपत आला असताना लेव्हरकुझेनने गोल केला. पुन्हा बरोबरी झाली आणि संघ खाली गेला. विश्वविजेता खेळाडू आंद्रेआस ब्रेमे सर्वांसमोर रडला.

पुढे ओटो रेहागेल प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनाही १९९६ मध्येच बायर्न म्युनिक या बलाढ्य संघाने कामावरून दूर केले होते. एकाच वर्षात कायझर्सलाउटर्नने खालची श्रेणी जिंकली आणि १९९७ मध्ये तो वर परत आला.

नव्या हंगामाचा पहिलाच सामना बायर्नशी होता, तोही म्युनिकमध्ये. कायझर्सलाउटर्नने तो १-० असा जिंकला. त्यानंतर आपल्या मैदानावर बायर्नला २-० असे हरवले. पुढे फळीतील ओलाफ मार्शालने त्या हंगामात २१ गोल केले. २ मे १९९८ रोजी वोल्फ्सबुर्गला ४-० असे हरवून संघाने अजिंक्यपद निश्चित केले. वर आल्याबरोबर बुंडेसलीगा जिंकणारा तो एकमेव संघ आहे.

आता थोडे गणित पाहू. दोन्ही संघांनी १९ सामने जिंकले होते. बायर्नचे गोल तर ६९, म्हणजे कायझर्सलाउटर्नपेक्षा ६ जास्त. मग फरक कोठे पडला? बायर्नने ६ सामने गमावले व ९ बरोबरीत सोडवले. कायझर्सलाउटर्नने फक्त ४ गमावले व ११ बरोबरीत सोडवले. त्यामुळे ६८ विरुद्ध ६६ असे गुण झाले.

ज्या बरोबरीने संघाला बुडवले, तिनेच दोन वर्षांनी त्याला तारले. नुसत्या बरोबरीवर कोणी पुढे जात नाही. पण जिंकण्याची हिंमत असेल, तर अवघड दिवशी वाचवलेला एक गुणही मोलाचा ठरतो.

शब्दार्थ
बलाढ्य – फार शक्तिमान
आघाडी – पुढे असणे
अजिंक्यपद – स्पर्धेतील पहिले स्थान
तारणे – वाचवणे

स्वाध्याय
१. बुंडेसलीगामध्ये प्रत्येक संघ ३४ सामने कसे खेळतो?
२. १९९६ मध्ये कायझर्सलाउटर्नचा संघ खाली का गेला?
३. बायर्न आणि कायझर्सलाउटर्न यांचे १९९७-९८ मधील गुण स्वतः मोजून दाखवा.