नाकाचा पडदा वाकडा: शस्त्रक्रिया केव्हा योग्य?

डिचोली तालुक्यातील पाळी, वेळगे, सुर्ला आणि आमोणे या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी आणि मांडवीकाठच्या धक्क्यांकडे खनिज वाहून नेणारे ट्रक यांमुळे तांबडी धूळ अनेक दशके परिचयाची राहिली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबल्यावर तिचे प्रमाण बदलले, तरी पावसाळ्यात ओलसर भिंतींवर धरणारी बुरशी आणि अंथरुणातील सूक्ष्म कीटक ही ॲलर्जीची कारणे या भागात कायमच राहिली. अशा परिसरात ज्याचे नाक सतत चोंदलेले असते, त्याच्या तक्रारीमागे धुळीने किंवा बुरशीने आलेली सूज असू शकते, नाकातील पडद्याचा वाकडेपणा असू शकतो किंवा दोन्ही एकत्र असू शकतात. शस्त्रक्रिया यांपैकी केवळ वाकडेपणा दुरुस्त करते. त्यामुळे कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरवणे हीच निर्णयाची पहिली पायरी होय.

नाकाच्या दोन पोकळ्यांना विभागणारा पडदा पुढच्या भागात कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, आणि मागच्या भागात पातळ हाडांचा बनलेला असतो. तो तंतोतंत सरळ असलेली माणसे थोडीच असतात. जन्माच्या वेळी पडलेला दाब, वाढीच्या वयातील असमान वाढ किंवा नाकावर बसलेला मार यांमुळे तो एका बाजूला कलतो, आणि सामान्य बोलण्यात यालाच ‘नाकाचे हाड वाढले’ असे म्हटले जाते. बहुतेकांना या कलण्याचा काहीच त्रास होत नाही, म्हणून तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये वाकडेपणा दिसला एवढ्यावरून शस्त्रक्रियेची गरज सिद्ध होत नाही.

वाकडेपणा आणि सूज यांतील फरक पुष्कळदा तक्रारीच्या स्वरूपावरून ओळखता येतो. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर शुक्तिका नावाच्या मांसल घड्या असतात आणि त्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगतात, त्यामुळे कधी उजवी तर कधी डावी नाकपुडी बंद वाटणे हे स्वाभाविक असते. ॲलर्जीत हीच सूज वाढते आणि तिच्या जोडीला शिंका, खाज व पाण्यासारखा स्राव येतो. याउलट ऋतू कोणताही असो, सदैव एकच बाजू बंद राहत असेल, तर पडद्याचा संशय बळावतो आणि दुर्बिणीने केलेली तपासणी त्याची खात्री करते.

म्हणूनच तातडीचे कारण नसेल तर प्रथम काही आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टेरॉइडचा फवारा नियमित वापरणे, हा उपचार केला जातो. चोंदलेले नाक झटपट मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र आठवडाभरापेक्षा अधिक काळ वापरल्यास उलट सूज कायम राहते, म्हणून त्यांवर विसंबता येत नाही.

औषधांनंतरही झोप, व्यायाम किंवा दैनंदिन काम यांत अडथळा आणणारा त्रास उरला आणि तो तपासणीत दिसणाऱ्या वाकडेपणाशी जुळत असला, तर शस्त्रक्रिया योग्य ठरते. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांतील ३७८ प्रौढांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक वाटणी करून, शस्त्रक्रियेची तुलना सहा महिन्यांच्या फवाऱ्यांशी करण्यात आली. त्रासाच्या ० ते ११० या मोजपट्टीवर सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाची सरासरी १९.९, तर फवाऱ्यांच्या गटाची ३९.५ आली. वाकडेपणामुळे वारंवार नाकातून रक्त येणे, किंवा सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी वाट मोकळी करावी लागणे, हीदेखील मान्य कारणे आहेत. केवळ घोरणे वा डोकेदुखी थांबेल या आशेने ती करणे मात्र बहुधा निराशाजनक ठरते, कारण या तक्रारींची मुळे अनेकदा नाकाबाहेर असतात. वाढीच्या वयातील मुलांमध्ये चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, तीव्र त्रास नसल्यास, सामान्यतः थांबले जाते.

शस्त्रक्रिया नाकपुडीच्या आतूनच होते. आवरण उचलून वाकडी कूर्चा व हाड सरळ केले जाते किंवा त्याचा थोडा भाग काढला जातो, आणि आधारासाठी पुरेशी कूर्चा जागेवर ठेवली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी कूर्चेचा मोठा भाग काढून टाकण्याची पद्धत होती व तिच्यामुळे नाक खाली बसण्याचा धोका असे. त्यानंतर जितके आवश्यक तितकेच काढण्याची पद्धत रूढ झाली. रक्तस्राव, संसर्ग, पडद्याला छिद्र पडणे, पुढच्या वरच्या दातांना काही काळ बधिरपणा येणे हे धोके असतात, आणि पुढे पडदा पुन्हा थोडा कलू शकतो. काही दिवस नाक न शिंकरणे आणि जड काम टाळणे आवश्यक असते.

अपघातात नाकाला मार बसून दोन्ही बाजू बंद झाल्या व आत सुजल्यासारखे वाटले, तर मात्र वाट पाहू नये: पडद्यात साचलेले रक्त वेळीच न काढल्यास कूर्चेचे पोषण तुटून ती नष्ट होते. अशा वेळी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, कान-नाक-घसा विभाग असलेल्या रुग्णालयात त्वरित जावे.

शस्त्रक्रियेने वाट सरळ झाली, तरी धुळीला प्रतिसाद देणारे आवरण तेच राहते. म्हणून ज्याला ॲलर्जीही आहे, त्याला फवारा व नाक धुणे पुढेही चालू ठेवावे लागेल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजून घेणे हिताचे असते.