मामांची गोळी आणि जवसाची चटणी

मागच्या महिन्यात मुंबईला ठाकूरद्वारी मामांकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. तीच चाळ, तोच लाकडी जिना. मामांना तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. तरीही सिगारेट सुटलेली नाही. जेवण होताच त्यांनी फडताळातून बाटली काढली आणि एक केशरी गोळी तोंडात टाकली.

"डॉक्टरांनी दिली?" मी विचारले.

"छे रे! माझी मीच आणली. गाजराचं सत्त्व आहे. सिगारेटचं विष मारतं म्हणे."

मी बाटली पाहिली. बीटा कॅरोटीन! माझा घास हातातच राहिला.

वाचकहो, धुरामुळे शरीरात मुक्त मूलके नावाचे उपद्रवी कण वाढतात आणि पेशींची हानी करतात. फळे, भाज्या व तेलबियांतील अँटिऑक्सिडंट द्रव्ये त्यांना आवर घालतात. तेव्हा हीच द्रव्ये गोळीतून दिली तर कर्करोग टळेल, असे शास्त्रज्ञांनाही वाटले होते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर हा प्रयोग झाला. 1994 साली निष्कर्ष आला तो उलटाच! रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. गाजर खाऊन असे झाल्याचा दाखला नाही. गाजरात तंतू असतात, इतर अनेक द्रव्ये असतात, आणि एका वेळी गाजरे तरी माणूस किती खाणार?

गंमत अशी की, मामी माहेरची सोलापूरकडची. तिच्या ताटात जवसाची चटणी होती, शेंगदाण्याची होती. मामांनी मात्र "तेलकट नको" म्हणून दोन्ही सोडल्या होत्या! स्निग्ध पदार्थ म्हटला की हृदयाचा वैरी, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. वास्तविक जवसातील तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ प्रकारच्या स्निग्धाम्लाचा असतो. शेंगदाणा आणि तीळ यांतील स्निग्धांशही बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला मानवणारा. शिवाय गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी किंवा दाण्याचे कूट पडले की त्यातील कॅरोटीन अधिक चांगले शोषले जाते. जवस मात्र भाजून, कुटूनच खावेत. अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. कूट लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच करावे. बुरशी धरलेले, कडवट दाणे सरळ फेकून द्यावेत. आणि मूठभर म्हणजे मूठभरच, कारण शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात.

भीती बाळगायचीच तर ती वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची बाळगावी. आपल्या देशात 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपात त्याचे प्रमाण 2 टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाही, असा नियम आहे. पण भज्यांचे तेल पुन्हापुन्हा तापवण्यावर घरात कोण नियम करणार? मामींच्या ओट्याखाली कालच्या वड्यांच्या तेलाचे पातेले झाकून ठेवलेले होतेच! आम्ही ते काढले तेव्हा मामी जरा रुसल्या.

हृदयाची औषधे चालूच ठेवायची, हे मामांना दोनदा बजावले. केशरी गोळ्यांची बाटली त्यांनी मुकाट्याने माझ्या हाती दिली. रात्री भाकरीवर जवसाची चटणी घेतली, वर कच्चे शेंगदाणा तेल. सिगारेटचे मात्र "बघू" एवढेच म्हणाले.