म्हातारचळ की 'लाओ कला'?

मागे आमच्या ज्येष्ठ महिलांच्या मेळाव्याला पंचाहत्तरीच्या एक आजी फिकट लिपस्टिक लावून, मोत्याच्या कुड्या घालून आल्या. मागच्या रांगेत लगेच कुजबुज, "म्हातारचळ लागलाय, दुसरं काय!" खरं सांगते, हसणाऱ्यांत मीही होते.

पुढे शांघायविषयी वाचताना एक शब्द भेटला आणि माझी मलाच लाज वाटली. उतारवयातही झोकात राहणाऱ्या माणसाला तिथल्या बोलीत 'लाओ कला' म्हणतात, तेही कौतुकानं! 'लाओ' म्हणजे जुना, म्हातारा. 'कला'चा आपल्या कलेशी संबंध नाही बरं का. तो इंग्रजी 'क्लास'वरून आला, 'क्लार्क'वरून, की हिऱ्याच्या 'कॅरट'वरून, याबद्दल तिथेही एकमत नाही.

1842 च्या तहानंतर शांघाय परदेशी व्यापाराला खुलं झालं. गोऱ्यांच्या कंपन्यांत काम करणारे चिनी बाबू सूट, कॉफी आणि नाचघरात रमले. ही मंडळी म्हातारी झाली, तरी पँटची इस्त्री मोडली नाही. शब्द बहुतेक पुरुषांसाठीच वापरतात, पण हा थाट बायकांनीही जपला.

तो सोपा नव्हता हं! 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि रेड गार्ड भररस्त्यात लोकांच्या तंग पँटी फाडू लागले, टोकदार बूट काढून घेऊ लागले. डेझी क्वोक ही तिथल्या प्रसिद्ध 'विंग ऑन' दुकानाच्या मालकाची मुलगी. नवरा तुरुंगात वारला, घरदार गेलं, संडास साफ करायची वेळ आली. पण बाई कोळशाच्या शेगडीवर, साध्या अॅल्युमिनियमच्या भांड्यात केक करायची आणि दुपारचा चहा नीट मांडून घ्यायची. 1998 मध्ये ती गेली, पण शेवटपर्यंत नीटनेटकी राहिली.

वाईट दिवस सरल्यावर, 1980 मध्ये, तिथल्या पीस हॉटेलात म्हाताऱ्या वादकांचा जाझ बँड पुन्हा वाजू लागला.

हे वाचलं आणि त्या आजींकडे गेले. म्हणाल्या, "अगं, हे गेल्यावर पंधरा वर्षं आरशासमोर उभी राहिले नाही. लोक काय म्हणतील! यंदा म्हटलं, म्हणू देत."

मी काय बोलणार? इतकंच विचारलं, "आजी, शेड कुठली हो ती?"