जंगल म्हणजे घनदाट अरण्य?

‘जंगल’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते ओले, काळोखे, वेलींनी गच्च भरलेले अरण्य. इंग्रजीत तर हा शब्द ॲमेझॉन आणि काँगोच्या पर्जन्यवनांना इतका चिकटला आहे, की तो तिकडचाच असावा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो इंग्रजीत गेला भारतातून. मूळ संस्कृत शब्द ‘जांगल’, आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटा: कोरडा, विरळ झाडीचा, मोकळ्या आभाळाचा प्रदेश.

याची सर्वांत स्पष्ट साक्ष आयुर्वेद देतो. चरकसंहितेत भूमीचे तीन प्रकार येतात: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल देशात खैर, बोर, शमीची झाडे, कोरडे वारे आणि मृगजळ. तिथल्या हरणांचे, तित्तिरांचे मांस पचायला हलके मानलेले. आनूप देशात पाणथळ जागा, समुद्रकिनारा, नारळी-केळींची दाटी. या हिशेबाने कोकण आनूप ठरते आणि ‘जांगल’ शोभते ते दख्खनच्या माळाला. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी याच भेदावर १९८२ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला.

पुढे देशी भाषांत ‘जंगल’ म्हणजे नांगर न लागलेली, झाडोरा माजलेली जमीन असा अर्थ रुळला. इंग्रजांनी उचलला तो हा. १७७६ साली छापलेल्या हॅलहेडच्या हिंदू कायद्याच्या संहितेत पाच वर्षे पडून राहिलेल्या जमिनीला ‘जंगल’ म्हटले आहे. दाट, दुर्गम वन हा अर्थ इंग्रजीत त्यानंतर बळावत गेला.

हा शब्द किपलिंगने इंग्रजीत नेला, ही समजूतही चुकीची. ‘द जंगल बुक’ १८९४चे, म्हणजे हॅलहेडनंतर शंभराहून अधिक वर्षांनी आलेले. शिवाय मोगलीचा सिवनी-पेंचचा मुलूख पर्जन्यवनाचा नाही. तिथे सागाचे, उन्हाळ्यात पाने गाळणारे रान आहे.

मला खंत वाटते ती वेगळीच. जंगल म्हणजे फक्त दाट झाडी, असे मनात बसल्याने कोरडी माळराने आपल्याला ओसाड दिसू लागली. सरकारी नोंदींतही त्यांचा मोठा भाग पडीक म्हणून लागतो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले ते अशाच माळावर, माळढोकासाठी. काळवीट, लांडगे, धाविक यांचे घर हेच. तेव्हा अशा माळावर वृक्षारोपणाचे खड्डे खणण्याआधी तिथे आधीपासून कोण राहते, ते जरूर पाहा.